चिकूचं कलम लावण्यापासून फळ उतरवण्यापर्यंत

बी रुजवून चिकू लावायचा विचार असेल तर सोडून द्या. बीचं झाड फळाला यायला सहा-सात वर्षं सहज घेतं आणि फळ मूळ झाडासारखंच येईल याची गॅरंटी नाही. नर्सरीतून कलमच आणा, खिरणीच्या खुंटावर (म्हणजे खाली मुळांना खिरणीचं झाड आणि त्यावर जोडलेली चिकूची फांदी) बांधलेलं मिळालं तर उत्तम, ते साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळं द्यायला लागतं.

जागा भरपूर उन्हाची हवी आणि चहूबाजूंनी 4-5 मीटर मोकळी, कारण आत्ता रोप एवढुसं दिसलं तरी हे बारमाही हिरवं झाड आहे, पुढे खाली चांगली दाट सावली पडते. माती थोडी खारवट असली तरी चिकू तग धरतो पण मुळाशी पाणी साचलेलं त्याला अजिबात चालत नाही, म्हणून चिकट जमीन असेल तर उंचवटा करून त्यावर लावा. खड्ड्यात मातीबरोबर कुजलेलं शेणखत घाला, कलमाचा जोड मातीच्या वर ठेवा आणि काठीचा आधार द्या.

आता खरं लक्ष द्यायचं ते जोडाच्या खाली. तिथून येणारे फुटवे खिरणीचे असतात, ते वाढू दिले तर खुंटच जोर धरतो आणि वरचा चिकू मागे पडतो, त्यामुळे दिसले की लगेच काढून टाका.

पहिली दोन-तीन वर्षं पाणी नियमित द्या, आळ्यात पालापाचोळा पसरा. छाटणी फक्त वाळलेल्या आणि एकमेकीत घुसलेल्या फांद्यांची करा, फळं फांद्यांच्या टोकाकडे येतात म्हणून शेंडे सरसकट कापू नका.

फुलापासून फळ तयार व्हायला 7 ते 10 महिने लागतात आणि सगळ्यात जास्त गडबड होते ती काढणीत, कारण चिकू रंगावरून पटकन कळत नाही. सालीवरचा तपकिरी भुसा हाताने सहज निघतोय का बघा, मग नखाने साल अगदी हलकी खरवडा. आत हिरवं दिसलं आणि चीक आला की थांबायचं, पिवळसर दिसलं की काढायचं. घाईने काढलेलं फळ तुरट आणि रबरासारखं लागतं. तयार फळ झाडावरून कडकच उतरतं, घरात ठेवलं की काही दिवसांत मऊ होतं. लहान मुलांना देताना बिया आधी काढा, बीच्या टोकाला बारीक आकडा असतो, तो घशात अडकू शकतो.