ऊतीआधी आरसा: ओसीटी शिकताना

पहिल्याच आठवड्यात मी स्वतःचं बोट ओसीटीखाली ठेवलं. ओसीटी म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, प्रकाशाने ऊतीच्या आतला छेद दाखवणारं तंत्र. बहुतेक सगळे तेच करतात. पडद्यावर बोटाचा उभा छेद उमटला. वर झगझगीत रेघ, तिच्याखाली निबर कातडीचा काळपट पट्टा आणि त्यातून पीळ घेत वर येणाऱ्या घामाच्या नळ्या. ना चिरफाड, ना रंग लावणं. मी इतकी हरखले, की दुसऱ्या दिवशीच ऊतींचे नमुने लावायला घेतले. पुढचे दोन महिने वाया गेले ते तिथेच.

तत्त्व थोडक्यात. सोनोग्राफीत आवाजाचा प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. प्रकाश इतका वेगवान, की एवढ्याशा अंतरासाठी त्याचा वेळ थेट मोजता येत नाही. म्हणून प्रकाश दोन वाटांनी पाठवायचा, एक ऊतीकडे आणि दुसरी आरशाकडे, आणि परतलेल्या दोन्हींचं व्यतिकरण, म्हणजे त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून काय होतं ते, पाहायचं. १९९१ मध्ये एमआयटीतल्या फुजिमोटो यांच्या गटाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र ओसीटी या नावाने मांडलं. २०२३ मध्ये फुजिमोटो, हुआंग आणि स्वॉन्सन यांना त्यासाठी लास्कर पुरस्कार मिळाला.

नवख्यांचा पहिला गोंधळ रिझोल्यूशनचा, म्हणजे किती बारीक तपशील वेगळा दिसतो याचा. सूक्ष्मदर्शकाची सवय असलेल्यांना वाटतं, भिंग बदललं की सगळंच बारीक दिसेल. इथे तसं नाही. आडवं रिझोल्यूशन भिंग ठरवतं, खोलीचं मात्र प्रकाशस्रोत. त्याच्या मध्य तरंगलांबीचा वर्ग भागिले तरंगलांबींच्या पट्ट्याची रुंदी, गुणिले ०.४४. म्हणजे १३०० नॅनोमीटरभोवती १०० नॅनोमीटर रुंद पट्टा असेल, तर हवेत साधारण ७.४ मायक्रॉन आणि ऊतीत ५.३. मग सरळ ८४० नॅनोमीटरचाच स्रोत का नको? डोळ्यासाठी तो चालतो. पण त्वचेसारख्या धुरकट ऊतीत तो जास्त विखुरतो आणि लवकर दमतो. १३०० घेतला तरी दीड-दोन मिलिमीटरपलीकडे फारशी आशा ठेवू नका.

आता माझी फजिती. कूर्चेची जाडी मोजून मी आमच्या गटाच्या बैठकीत मोठ्या दिमाखात आलेख दाखवला. मार्गदर्शक काहीच बोलले नाहीत. त्यांनी सूक्ष्मदर्शकाची एक कव्हरस्लिप माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "ही अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून स्कॅन कर." काच १७० मायक्रॉनची. पडद्यावर ती २६० भरली. त्याहून गंमत म्हणजे तिच्याखालची सपाट पट्टी जिथे काच सुरू होते तिथे सुमारे ९० मायक्रॉन खाली दबलेली दिसत होती. पट्टी कुठेही दबलेली नव्हती. काचेत प्रकाश रेंगाळतो आणि यंत्र तो उशीर अंतर म्हणून छापतं. पडद्यावर दिसते ती प्रकाशाची वाट. खरी जाडी हवी तर अपवर्तनांकाने भागायचं, ऊतीसाठी तो साधारण १.४ धरतात. माझे सगळे आकडे त्या पटीत फुगलेले होते. जाडी मी भागाकार करून दुरुस्त केली, पण कूर्चा जाड असेल तिथे खालच्या हाडात जो "खळगा" मी शोधून काढला होता, तो मुकाट्याने खोडावा लागला.

दुसरी फसवणूक भुतांची. आमचं यंत्र स्पेक्ट्रोमीटरवालं, म्हणजे परतलेला प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून मोजणारं. त्यात फूरिये रूपांतरानंतर, म्हणजे त्या मोजमापातून खोली काढणाऱ्या गणितानंतर, प्रतिमेची उलटी सावलीही येते, आणि ऊतीचे थर आपसात व्यतिकरण करून खोट्या रेघा काढतात. रेघ संशयास्पद वाटली, तर रेफरन्सचा, म्हणजे दुसऱ्या वाटेवरचा, आरसा किंचित सरकवा. खरी प्रतिमा एका बाजूला सरकते, सावली उलट बाजूला, थरांनी आपसात काढलेली रेघ जागची हलत नाही. नमुन्याकडे जाणारा प्रकाश कागदाने अडवूनही जी रेघ उरते, ती पार्श्वभूमीची. या दोन कसोट्यांना पाच मिनिटंही लागत नाहीत.

म्हणून आता कोणी नवीन आलं, की मी आधी नमुन्याच्या जागी साधा आरसा लावायला सांगते. कंटाळवाणं काम आहे, तरी टाळू नका. आरशाचं शिखर वेगवेगळ्या खोलीवर तपासा. खोलीबरोबर ते पसरत जात असेल, तर स्पेक्ट्रमची तरंगसंख्येनुसार (तरंगलांबीच्या व्यस्तानुसार) मांडणी बिघडली आहे. सगळीकडे सारखंच पसरट असेल, तर दोन वाटांमधल्या काचेचा किंवा पाण्याचा हिशेब जुळलेला नाही. खोलीबरोबर त्याची उंची थोडी घटणारच, तो दोष नव्हे. मग चिकटपट्टीचं रीळ. तिचे थर एकसारखे, सुकत नाहीत, हलत नाहीत.

ऊती सुकतात. दिव्याखाली वीस मिनिटं उघडा राहिलेला तुकडा आक्रसतो आणि पृष्ठभाग चकाकायला लागतो. सलाइनने ओला ठेवा, पण वर थेंब साचू देऊ नका. चकाकीमुळे उभ्या पांढऱ्या रेघा आल्या, तर नमुना दोन-चार अंश तिरपा करा. दाणेदारपणा घालवायला त्याच जागेचे शंभर स्कॅन घेऊन सरासरी काढणारे मी पाहिलेत. स्थिर नमुन्यात हा दाणेदारपणा, म्हणजे स्पेकल, तोही स्थिरच असतो, त्यामुळे सरासरीने फक्त गोंगाट कमी होतो. जागा किंवा कोन थोडा बदलून घेतलेले स्कॅन जास्त कामाचे.

आणि हिस्टॉलॉजीशी, म्हणजे ऊतीचे रंगवलेले पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याशी, तुलना करायची असेल, तर नमुना उचलण्याआधीच स्कॅनची दिशा शाईने खुणावून ठेवा, दोन रंगांत. फॉर्मालिन आणि पॅराफिनमधून गेल्यावर तुकडा आकसतो, त्यामुळे जाडी तंतोतंत जुळणार नाही, थरांचा क्रम जुळवायचा. माझ्या पहिल्या अकरा तुकड्यांवर खूण नव्हती. त्यांचे सुरेख रंगवलेले छेद अजून खणात पडून आहेत, आणि कुठला कुठल्या स्कॅनचा हे मलाही सांगता येत नाही.