राज्यपद्धती बदलण्याआधी सैन्य कुठे आहे ते पाहा

ऐतिहासिक स्ट्रॅटेजी गेममध्ये नवी राज्यपद्धती उपलब्ध झाली की ती लगेच स्वीकारण्याचा मोह होतो. परंतु हा निर्णय राज्यपद्धतीच्या नावावरून नव्हे, तर पुढच्या वीस-पंचवीस खेळींत आपण काय करणार आहोत यावरून घ्यावा. १९९१ सालच्या मूळ ‘सिव्हिलायझेशन’ या गेममध्ये एकाधिकारशाहीत नकाशावरच्या ज्या चौकोनातून अन्न, उत्पादन किंवा व्यापार यांपैकी एखाद्याचे तीन किंवा अधिक एकक मिळायला हवेत तेथे एक कमी मिळते, त्यामुळे सिंचन करूनही सुपीक जमिनीचा पूर्ण लाभ होत नाही. प्रजासत्ताक आणि लोकशाहीत व्यापार वाढतो, मात्र शहराबाहेर पाठवलेली प्रत्येक लढाऊ तुकडी आपल्या मूळ शहरात असंतोष निर्माण करते, लोकशाहीत तर दुप्पट. म्हणून संक्रमणापूर्वी सीमेवरच्या तुकड्या शहरांत परत आणाव्यात आणि चालू युद्ध तहाने मिटवावे, कारण नंतर सिनेट, म्हणजे या दोन पद्धतींतील प्रतिनिधीगृह, युद्धाच्या आड येते.

राज्य दूरवर पसरले असेल, तर साम्यवाद वाटतो तितका कमकुवत पर्याय नाही, कारण त्यात राजधानीपासूनच्या अंतराने भ्रष्टाचार वाढत नाही.

जुनी पद्धत सोडल्यापासून नवी लागू होईपर्यंतच्या अराजकात काही खेळी वाया जातात. हा खर्च आधीच हिशेबात धरावा. ‘सिव्हिलायझेशन ६’मध्ये नवी पद्धत स्वीकारताना अराजक येत नाही, पण पूर्वी वापरलेल्या पद्धतीकडे परतल्यास येते. त्यामुळे तिथे तात्पुरत्या सोयीसाठी मागेपुढे करणे, माझ्या मते, क्वचितच परवडते.