इंजिनिअरिंग कॉलेजांची फी आणि प्लेसमेंट बघताना या चुका टाळा

सीईटीचा निकाल लागला की घराघरात एकच विषय, कुठलं कॉलेज परवडेल आणि कुठून नोकरी लागेल. माझी ताई भाचीसाठी वहीत तक्ता करून बसली होती. एका कॉलेजसमोर नुसती ट्यूशन फी लिहिलेली, दुसऱ्यासमोर डेव्हलपमेंट फी, परीक्षा फी सगळं धरून, आणि म्हणते हे दुसरं फारच महाग आहे गं! दोन्हींची एकूण फी शेजारी शेजारी लिहिली तर फरक अगदी किरकोळ निघाला.

महाराष्ट्रात खाजगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण म्हणजे एफआरए ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाईटवर कॉलेजवार बघायला मिळते, तर तुलना तिथल्या आकड्यांवरून करा, कुणी फोनवर सांगितलेल्या आकड्यावरून नको. त्यात होस्टेल आणि मेस नसते. ते चार वर्षांचं त्यात धरा, मग घराजवळचं जरा महाग कॉलेजही कधी कधी स्वस्त पडतं.

दुसरी चूक म्हणजे सवलत न धरता फी बघणं. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ट्यूशन आणि परीक्षा फी १०० टक्के माफ आहे. पण डेव्हलपमेंट फी त्यात येत नाही, ती भरावीच लागते. आणि हे सगळं कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, ॲडमिशन असेल तरच, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलीत तर शिष्यवृत्ती विसरा. खाजगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठांनाही ही योजना लागू नाही, हे बऱ्याच जणांना फी भरायच्या वेळी कळतं आणि तेव्हा काही करता येत नाही.

आता प्लेसमेंट, सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. हायेस्ट पॅकेज एका मुलाचं असतं, ते बघूच नका. ॲव्हरेजही तसंच, दोन-चार मोठी पॅकेजेस आली की वर जातं. बघायचं ते मीडियन, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधला येतो तो. हा आकडा एनआयआरएफसाठी, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगसाठी, कॉलेजने भरलेल्या माहितीत असतो, ती पीडीएफ भाग घेणाऱ्या कॉलेजांच्या वेबसाईटवर सापडते. त्यात किती ॲडमिशन झाल्या, थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमावाले किती आले, वेळेत पास किती, नोकरी किती जणांना आणि पुढे शिकायला किती गेले, सगळं एका ओळीत असतं.

ती ओळ नीट वाचा. समजा ३०० मुलं आली, केटी (विषय राहणं) आणि वायडी (वर्ष वाया जाणं) वगैरे होऊन २१० वेळेत पास झाली, आणि नोकरी लागली १२० जणांना. कॉलेज प्लेसमेंटसाठी पात्र धरलेल्या १५० मुलांवर टक्केवारी काढतं आणि ८० टक्के छापतं. तुमचा मुलगा मात्र त्या ३०० मधला आहे, म्हणजे ४० टक्के. पुढे शिकायला गेलेले ३० वेगळे धरा, तरी ८० काही होत नाही. मीडियनही फक्त नोकरी लागलेल्यांचाच असतो, हे लक्षात ठेवा.

आणखी एक, मला स्वतःला हे उशिरा कळलं. एनआयआरएफचा आकडा अख्ख्या कॉलेजचा असतो, ब्रँचचा नाही. ज्या कॉलेजात कॉम्प्युटर आणि आयटीच्या सीट्स भरपूर तिथला मीडियन वर दिसू शकतो, पण मेकॅनिकल किंवा सिव्हिल घेणाऱ्याला त्याचा काय उपयोग? म्हणून प्लेसमेंट सेलला सरळ विचारा, मागच्या बॅचमध्ये या ब्रँचची किती मुलं होती आणि किती जणांना ऑफर लेटर मिळालं. पॅकेज सांगितलं तर ते सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) का हातात येणारा पगार तेही विचारा. भाचीने एका ठिकाणी विचारलं तर ब्रँचवार यादी लगेच दिली, दुसरीकडे तीन वेळा फोन करूनही उत्तर आलं नाही, ते कॉलेज आम्ही यादीत खाली टाकलं.

आणि हे सगळं कॅपचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांची पसंतीक्रमाने यादी, भरायच्या आधी करा, कारण पहिल्या राउंडला पहिला पर्याय लागला तर तीच सीट घ्यावी लागते, पुढच्या राउंडला बदलायची सोय राहत नाही.