सेप्टिक टाकीची जागा ठरवताना: कोकणात घर बांधणाऱ्यांसाठी तयारीची यादी

घराचा आराखडा काढण्याआधी आसपासच्या विहिरींचा आराखडा काढावा. त्यात आपल्या विहिरीबरोबरच गडग्यापलीकडची शेजाऱ्यांची विहीर, वाडीची सार्वजनिक विहीर, उताराला खाली असलेला झरा आणि नव्याने मारलेल्या बोअरवेलही दाखवाव्यात. वापरातून गेलेली, पालापाचोळ्याने अर्धी बुजलेली विहीर वगळू नये, कारण तिच्यातून सांडपाणी न गाळता थेट भूजलात उतरू शकते.

मग अंतर मोजावे. आयएस २४७० या भारतीय मानकानुसार शोषखड्डा, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारे सांडपाणी जमिनीत मुरवणारा खड्डा, पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर आणि राहत्या घरापासून किमान ६ मीटर दूर हवा. पुष्कळ जण टेप टाकीपासून धरतात, पण पाणी जमिनीत मुरते ते शोषखड्ड्यातून, म्हणून मोजमाप त्याच्या कडेपासून घ्यावे. विहिरीभोवती १८ मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर ते सुमारे १० गुंठे जागा व्यापते. म्हणजे ५ गुंठ्यांच्या प्लॉटच्या मध्यावर विहीर असेल, तर शोषखड्ड्याला जवळजवळ जागाच उरत नाही. ही गोष्ट जमीन घेण्यापूर्वीच लक्षात आलेली बरी.

जांभ्याच्या जमिनीत मात्र १८ मीटरवर समाधान मानू नये. जांभा सच्छिद्र असून त्याच्या पोटात भेगा आणि पोकळ्या असतात. मातीतून जाताना पाणी जसे हळूहळू गाळले जाते, तसे या पोकळ्यांतून जाताना होत नाही. त्यामुळे शोषखड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला घ्यावा आणि शक्य तेवढे अंतर वाढवावे. वास्तुशास्त्रानुसार कोपरा आधीच ठरवून ठेवलेला असेल, तरी जमिनीचा उतार तिकडून विहिरीकडे येतो का, हे एकदा पाहून घ्यावे.

खोलीचा निर्णय मे महिन्यात घेऊ नये. उन्हाळ्यात तळ गाठलेली विहीर श्रावणात काठाजवळ येते, हे कोकणात कोणाला सांगायला नको. तरीही शोषखड्डे खोदले जातात ते कोरड्या दिवसांतच. शोषखड्ड्याचा तळ पावसाळ्यातील सर्वांत वरच्या भूजल पातळीपेक्षा किमान २ मीटर उंच हवा. ही पातळी जुलै-ऑगस्टमध्ये स्वतः मोजावी, किंवा विहिरीच्या आतील चिऱ्यांवरील पाण्याच्या खुणांवरून आणि शेजारच्या जाणत्या माणसांना विचारून ठरवावी. पाणी फार वर येत असेल, तर खोल खड्ड्याचा हट्ट सोडून भराव घातलेल्या उंच जागी उथळ शोषचर, म्हणजे सांडपाणी मुरवणारा लांबट चर, घ्यावा.

जमीन पाणी कसे शोषते, हेही तपासावे. नियोजित जागी लहान खड्डा घेऊन तो आदल्या दिवशी पाण्याने भिजवून ठेवावा आणि नंतर त्यात पाणी भरून पातळी २५ मिलिमीटर उतरण्यास किती वेळ लागतो ते पाहावे. ३० मिनिटांहून अधिक वेळ लागल्यास तेथे शोषखड्डा चालणार नाही. ओतलेले पाणी क्षणात नाहीसे झाले तर खूश होण्याऐवजी जागा बदलावी. खाली भेग आहे.

टाकीबाबत गवंड्याशी एक गोष्ट आधीच स्पष्ट बोलावी. तळ मोकळा ठेवला की टाकी वर्षानुवर्षे भरत नाही, असे अनेकजण कौतुकाने सांगतात. जी टाकी कधीच भरत नाही ती गळत असते, आणि गळणारी टाकी हा विहिरीशेजारचा दुसरा शोषखड्डाच होय. म्हणून तळाला काँक्रीट घालावे आणि भिंती चिऱ्याच्या असतील तर आतून जलरोधक गिलावा करून, टाकी पाण्याने भरून दोन दिवस पातळी तपासावी. आकार ठरवताना घरातील चार माणसांबरोबर गणपतीला येणारे चाकरमानीही मोजावेत, कारण घाईने ढकलले गेलेले सांडपाणी गाळ घेऊन शोषखड्ड्यात जाते आणि खड्डा तुंबतो. मैला उपसणारा टँकर पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरू शकत नाही. त्याचा पाइप रस्त्यावरून टाकीपर्यंत पोहोचेल, हे पाहावे.

पाया खोदण्यापूर्वी विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासून अहवाल जपून ठेवावा. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई-कोलाय हे विष्ठेतून येणारे जिवाणू मुळीच आढळू नये आणि नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. नायट्रेट उकळून जात नाही. घरात राहायला गेल्यानंतर पहिल्या पावसाळ्यात, विहीर भरलेली असताना, हीच तपासणी पुन्हा करून दोन्ही अहवाल शेजारी ठेवून पाहावेत.