छताचे पोपडे: चूक रंगात नव्हती

रंग देऊन महिना झाला नाही, तोच छताचे पोपडे सुटायला लागले. आधी ओल वाटली, पण छत कोरडं होतं. मग पोपड्याच्या मागच्या बाजूवर बोट फिरवलं, तर पांढरी भुकटी हाताला लागली. खाली जुना चुना होता. प्लॅस्टिक पेंट त्या भुकटीला चिकटला होता, छताला नाही.

सगळं पत्र्याने खरवडलं, ओल्या स्पंजने भुकटी पुसली (मान भरून येते, पण हे टाळू नकाच), २ दिवस वाळू दिलं आणि प्रायमर मारला. त्यावर रोलरने २ हात. छत एका दमात संपवलं. मध्येच थांबलं की जोडाचा पट्टा दिसतो. भिंती शेवटी रंगवल्या, त्यामुळे छताचे शिंतोडे झाकले गेले.