कॉलेजच्या जुन्या वार्षिक अंकांचं डिजिटायझेशन कसं करावं?

नाशिकमधल्या जुन्या कॉलेजांच्या ग्रंथालयात वार्षिक अंकांचं एखादं कपाट असतंच. सुरगाणा, पेठ, कळवणहून शिकायला आलेल्या मुलांच्या पहिल्यावहिल्या कविता त्यात सापडतात. हे अंक फिरून छापले जात नाहीत, म्हणून डिजिटायझेशनला सुरुवात इथूनच करावी.

काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात कागद ओल धरतो आणि पानं एकमेकांना चिकटतात. आधी कोणत्या वर्षांचे अंक आहेत, कोणते नाहीत याची यादी करा. नसलेल्यांसाठी माजी विद्यार्थ्यांकडे आणि निवृत्त प्राध्यापकांकडे विचारणा करा. सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालवणाऱ्या या गावात जुनी छापील पानं जपणारी घरं नक्की भेटतील.

स्कॅनिंगसाठी बांधीव अंक काचेवर दाबू नका, शिवण उसवते. वरून फोटो घेणारा स्कॅनर वापरा आणि अंक अर्धवटच उघडा. रिझोल्यूशन किमान ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) ठेवा. मूळ प्रत टिफ या चित्र-फाइलमध्ये, वाचायची प्रत पीडीएफमध्ये. फाइलला ‘१९६८-६९-००७’ असं वर्ष आणि पान क्रमांकाचं नाव द्या. जाहिरातींची पानंही घ्या. त्या वेळची दुकानं आणि छापखाने त्यांतच सापडतात.

खरं काम यानंतरचं. नुसतं स्कॅन म्हणजे पानाचा फोटो, त्यात शोध चालत नाही. टेसरॅक्ट हे मोफत ओसीआर सॉफ्टवेअर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं, मराठी वाचतं, पण खिळ्यांच्या (धातूच्या अक्षरांच्या) छपाईत झिजलेला ‘घ’ त्याला ‘ध’ वाटतो, ‘भ’चा ‘म’ होतो, रफार गळतो. सगळा मजकूर तपासायला माणसं नसतील, तर अनुक्रमणिका तरी हाताने टाइप करा: लेखक, शीर्षक, वर्ग, पान. कुलकर्णी आणि कुळकर्णी, दोन्ही रूपं नोंदवा. एवढं केलं तरी अंक सापडू लागतात, आणि माझ्या मते या टप्प्यावर काटकसर करूच नये. डीटीपीच्या (संगणकावर पानं जुळवण्याच्या) काळातल्या अंकांची फाइल छापखान्याकडून मिळाली, तरी तिच्यावर विसंबू नका. जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणाऱ्या अक्षरसंकेतातले, नसतात. पडद्यावर ‘गोदावरी’ दिसते, कॉपी केलं की भलतीच चिन्हं उमटतात. अशा अंकांचंही ओसीआर करावंच लागतं.

साठवणीला डीस्पेस हे डिजिटल संग्रहाचं सॉफ्टवेअर चांगलं. ते मोफत आहे, २००२ पासून वापरात आहे. कॅटलॉग कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर असेल तर नोंदीत अंकाचा दुवा द्या. फाइलींच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक कॉलेजच्या इमारतीबाहेर.

नेटवर टाकण्याआधी परवानगीचं पाहा. कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. लेखकाचा पत्ता लागला तर लेखी संमती घ्या. नाही लागला तर नेटवर फक्त नाव आणि शीर्षक दाखवा, वाचनाची सोय ग्रंथालयातल्या संगणकावर करा. विद्यार्थ्यांचे घरचे पत्ते छापलेले असतील, तर नेटवरच्या प्रतीत ते झाकून टाका.