मणी आणि तारेचा चतुर घरी कसा करायचा

पाऊस उघडला की कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या कडेला चतुर (ड्रॅगनफ्लाय) घिरट्या घालायला लागतात. जरा वेळ बघत बसलं की कळतं, हा बसला तरी चारही पंख पसरूनच बसतो, आणि बारीक अंगाची, बहुतेक वेळा पंख पाठीवर मिटून बसते ती टाचणी, चतुरासारखाच दुसरा कीटक. हे आधीच सांगतेय कारण मण्यांचा चतुर करताना लोक पंख कसेही जोडतात आणि मग ते धड चतुर पण दिसत नाही आणि फुलपाखरू पण नाही.

सामान थोडंच लागतं. ११ नंबरचे काचेचे बारीक मणी (साधारण २ मिलिमीटरचे) दोन रंगांत, डोळ्यांसाठी ४ मिलिमीटरचे २ मणी, निमुळत्या तोंडाची पक्कड, छोटा कटर आणि तार. मणी महाद्वार रोडच्या आसपास मिळून जातात. तारेसाठी मला मोटर रिवाइंडिंगची तांब्याची वायर आवडते, उद्यमनगराच्या बाजूला रिवाइंडिंगवाल्याकडे थोडीशी मागितली तरी देतात, आणि तिच्यावर वॉर्निशचा थर असतो त्यामुळे लवकर काळी पडत नाही. ३० गेजचीच मागा. ती साधारण ०.३ मिलिमीटर जाड असते, आणि ११ नंबरच्या मण्याचं भोक जेमतेम ०.८, त्यातून तार दोनदा जायला पाहिजे, म्हणजे जाड तार घेतली की काम तिथंच अडलं.

आता पाऊण मीटर तार कापा. तोंडाचे २ बारीक मणी आणि डोळ्यांचे २ मोठे मणी ओवून तारेच्या बरोबर मध्यावर आणा. मग तारेचं तोंडाच्या मण्यांकडचं टोक फक्त डोळ्यांच्या मण्यांतून उलट्या दिशेने परत घाला आणि दोन्ही टोकं ओढा, तोंडाची ओळ डोळ्यांवर येऊन बसते. चतुराचे डोळे मोठे आणि एकमेकांना जवळजवळ चिकटलेले असतात, म्हणून मध्ये मणी घालायचा नाही.

पुढं सगळं हेच. एका टोकात ओळीचे मणी ओवायचे, दुसरं टोक त्याच मण्यांतून समोरून आणायचं, म्हणजे दोन तारा मण्याच्या आत एकमेकींना ओलांडून जातात, आणि मग दोन्ही हातांनी सारखं ओढायचं. हे ओढणं सगळ्यात महत्त्वाचं, ओळ सैल राहिली की पुढच्या सगळ्या ओळी डुलतात, आणि नंतर घट्ट करता येत नाही. मानेला २ मणी, मग छातीची पहिली ओळ ३ ची.

आता पंख. एका टोकात २८ मणी ओवा आणि तेच टोक सगळ्यात आधी ओवलेल्या, म्हणजे अंगाला लागून असलेल्या मण्यातून अंगाच्या दिशेने परत आणा. ओढलं की लूप होतो. दुसऱ्या बाजूलाही तसाच. मग छातीची ३ मण्यांची अजून एक ओळ आणि मागची जोडी. मागचे पंख बुडाशी पुढच्यापेक्षा रुंद असतात, तर पुढचे बोटांनी चेपून लांबट करा आणि मागचे बुडाकडं जरा फुगीर ठेवा. एवढ्याशा फरकानं तो जिवंत दिसायला लागतो, खरंच.

ओढताना तारेला पीळ पडून छोटा फास दिसला तर तसाच ओढू नका, बोटानं उलटा फिरवून मोकळा करा. माझी एक तार शेवटच्या पंखाला अशीच तुटली आणि पूर्ण चतुर सोडावा लागला.

मागच्या पंखांनंतर २ मण्यांची ओळ आणि मग शेपटी, एकेक मणी, दोन्ही तारा समोरासमोरून. १० मणी घ्या, खऱ्या चतुराच्या पोटाचेही १० च खंड असतात. शेवटी दोन्ही टोकांना तीन पीळ देऊन कापा.

पाय करायचे तर तारेचे ३ छोटे तुकडे छातीच्या ओळींच्या मधल्या तारांना खालून गुंडाळा, म्हणजे ६ पाय होतात. मण्यांतून घालायला जाऊ नका, तिसरी तार जात नाही, काच फुटते.

कापलेल्या टोकावर नेलपॉलिशचा एक थेंब लावा, टोचत नाही आणि तिथं तांबं हिरवं पण पडत नाही. वाळला की चतुराचे पाय तुळशीच्या कुंडीत काडीवर गुंडाळा, पंख पसरलेलेच ठेवा.